दिव्याची वायर: एक की दीड? इंदूरच्या घरांतला हिशोब

महाराणी रोडवरच्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात जाऊन “लाइटची वायर द्या” म्हणा. पलीकडून प्रश्न येतो, “एक एमएम या डेढ़?” घरमालक मिस्त्रीकडे बघतो. मिस्त्री म्हणतो, “भाऊ, एलईडीच तर आहेत, एक बस झाली.” आणि पुढची तीस वर्षं भिंतीत राहणाऱ्या वस्तूचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो.

मिस्त्रीचा हिशोब तसा खोटा नाही. आजच्या दिव्यांचा भार खरोखरच नगण्य आहे. पण दिवा किती वॅटचा हे बघून वायर घेणं म्हणजे पाहुणा किती जेवतो हे बघून घराचा दरवाजा किती रुंद करायचा ते ठरवणं. वायर ठरते ती डीबीमध्ये (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीत) तिच्या डोक्यावर कोणता एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) बसणार त्यावरून, आणि उद्या त्या बोर्डात कोण काय खुपसणार त्यावरून. खालचा सगळा लेख या एका गोष्टीभोवती फिरतो. नवं घर बांधत असाल, सुदामा नगरात वरचा मजला चढवत असाल किंवा रामबागेतल्या जुन्या घराची वायरिंग बदलत असाल, तर याच क्रमाने जा.

आधी बाजारातले आकडे समजून घ्या

दुकानात ज्याला ‘दीड एमएम’ म्हणतात ते असतं १.५ चौरस मिलिमीटर. म्हणजे तांब्याच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ, जाडी नव्हे. दीडच्या वायरचा प्लास्टिकसकट बाहेरचा व्यास साधारण ३ मिमी भरतो. प्लास्टिक जाड करून बारीक तांबं खपवणं सोपं असतं, म्हणून वायर बोटांत धरून “जाड वाटते” असं म्हणण्याला काही अर्थ नाही.

घरगुती वायर बहुतेक मल्टिस्ट्रँड असते, म्हणजे बारीक तारांचा झुपका. डब्यावर १४/०.३, २२/०.३, ३६/०.३ असं लिहिलेलं दिसतं. पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा एका तारेची जाडी. क्षेत्रफळ स्वतः काढता येतं: जाडीचा वर्ग, गुणिले ०.७८५, गुणिले तारा. २२/०.३ चं उत्तर १.५५ येतं, म्हणजे दीड. १४/०.३ म्हणजे एक, ३६/०.३ म्हणजे अडीच. काही कंपन्या ०.२५ च्या तीस तारा घालून दीड करतात, तेही चालतं. गुणाकार करून बघा.

जुने वायरमन अजून ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ अशा भाषेत बोलतात. ही इंग्रजी गेजची मापं. १/१८ आणि ३/२२ म्हणजे जवळपास १.२ चौरस मिमी, ३/२० म्हणजे सुमारे २, ७/२२ म्हणजे २.८ च्या आसपास आणि ७/२० म्हणजे साडेचार. घरातली जुनी वायर उघडून तारा मोजल्या की हे आकडे कामी येतात.

पहिली पायरी: सर्किटं पाडा

वायर विकत घेण्याआधी कागदावर घराचा नकाशा काढा आणि प्रत्येक दिवा, पंखा आणि छोटा सॉकेट ठिपक्याने दाखवा. आपल्याकडच्या वायरिंगच्या संहितेचा, आयएस ७३२ चा, जुना आणि शहाणा नियम असा: लाइट-पंख्याच्या एका सर्किटवर, म्हणजे एका एमसीबीवरून निघणाऱ्या वायरिंगवर, दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि ८०० वॅटपेक्षा जास्त भार नको. दोन्हींपैकी जी मर्यादा आधी येईल ती पाळायची.

भार धरताना आज लावलेल्या बल्बचे वॅट धरू नका. जुना ठोकताळा दिव्याला ६०, पंख्याला ६० आणि ६ अँपिअरच्या सॉकेटला १०० वॅट असा आहे. हॉलमध्ये चार दिवे, दोन पंखे, दोन सॉकेट आणि लगतच्या बोळात दोन दिवे असतील तर पॉइंट झाले दहा आणि भार ६८० वॅट. २३० व्होल्टवर हा सुमारे ३ अँपिअर होतो. प्रत्यक्षात १२-१२ वॅटचे सहा एलईडी आणि ७५-७५ वॅटचे दोन पंखे चालू केलेत तर सव्वादोनशे वॅट, म्हणजे एक अँपिअर. इतक्या भाराला अर्ध्या एमएमची वायरही पुरली असती.

एक गोष्ट माझ्या अनुभवातून: एका मजल्याचे सगळे दिवे एकाच सर्किटवर कधीही टाकू नका, भार कितीही कमी असला तरी. जिन्याचा आणि स्वयंपाकघराचा दिवा वेगवेगळ्या सर्किटवर ठेवा. रात्री एमसीबी पडला तर डीबीपर्यंत जायला एखादा दिवा जळता असावा.

दुसरी पायरी: एमसीबी ठरवा, मग वायर

लाइट सर्किटसाठी ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी. याच्या वर नाही. एमसीबीचं काम वायर वाचवणं हे आहे, दिवा वाचवणं नव्हे. म्हणून तो वायरच्या क्षमतेपेक्षा नेहमी लहान हवा.

पाइपातून नेलेल्या पीव्हीसी तांब्याच्या वायरची क्षमता, भोवतालचं तापमान ४० अंश धरून, साधारण अशी: १ चौरस मिमीला ११ अँपिअर, १.५ ला १३, २.५ ला १८ आणि ४ ला २४. कंपनीनुसार एखाद्या अँपिअरचा फरक पडतो. म्हणजे १ च्या वायरवर ६ चा एमसीबी बसवला तर कागदावर सगळं ठीक दिसतं. मग मी दीडचा हट्ट का धरतो?

सुदामा नगरातल्या एका काकूंच्या घरची गोष्ट सांगतो. वरच्या मजल्यावर भाडेकरू होता. त्याच्या खोलीतल्या लाइटच्या बोर्डावर ६ अँपिअरचा सॉकेट, त्यात तो इस्त्री लावायचा, आणि थंडीत त्याच सर्किटच्या दुसऱ्या सॉकेटवर पाणी गरम करायची किटली. इस्त्री १००० वॅटची, किटली १५०० ची. मिळून ११ अँपिअर. ६ चा एमसीबी पडायचा, आणि पडायलाच हवा होता. काकू वैतागल्या. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने येऊन ६ चा काढून १६ चा लावला. “अब नहीं गिरेगा.” खरंच पडला नाही. दोन वर्षांनी स्विच दाबला की जळका वास येऊ लागला म्हणून मला बोलावलं. बोर्ड उघडला तर वायरचं प्लास्टिक करकरीत झालेलं, बोटाने दाबलं की तुकडा पडत होता. भिंतीत वायर होती एक एमएमची.

१६ चा एमसीबी १६ ला पडतो असा बऱ्याच जणांचा समज आहे. त्याच्या मानकाप्रमाणे १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअर, तासभर वाहिले तरी त्याने पडायचं नाही, १.४५ पट, म्हणजे २३ अँपिअर वाहिले तर तासाभरात पडायचं. वायरची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ११ च्या वायरमधून तासभर २३ गेले म्हणजे साडेचार पटीच्या आसपास उष्णता. ठिणगी नाही, आवाज नाही. प्लास्टिक नुसतं शिजत राहतं.

हा मिस्त्री तुमच्याही घरी कधीतरी येणार आहे. तुम्ही नसताना येईल, घर विकल्यावर येईल. दीडची वायर असली तर १० चा एमसीबी निर्धास्त चालतो आणि कुणी आगाऊपणा केला तरी थोडी जागा उरते. संहितेनेही दिव्यांच्या कायम वायरिंगसाठी तांब्याची किमान वायर १.५ चौरस मिमीच सांगितली आहे, त्यामुळे ‘एक की दीड’ हा प्रश्न मुळात दुकानात विचारलाच जायला नको.

आपल्याकडे डीबीपासून बोर्डापर्यंत अडीच आणि बोर्डापासून दिव्यापर्यंत दीड अशीही रीत आहे. बोर्डावर सॉकेट असतील तर ही रीत मला आवडते. फक्त एक लक्षात ठेवा: एमसीबी वाटेतल्या सगळ्यात बारीक वायरकडे बघून घ्यायचा. अडीच आहे म्हणून १६ लावला तर पुढची दीड उघडी पडते.

एमसीबीवर बी किंवा सी असं अक्षर असतं. बी प्रकार ३ ते ५ पट करंटला झटक्यात पडतो, सी ५ ते १० पटीला. एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतात. फॉल्स सिलिंगमध्ये पंधरा-वीस दिवे एका बटणावर असतील तर बी प्रकारचा एमसीबी उगाच पडतो. अशा वेळी अँपिअर वाढवू नका, सी प्रकारचा लावा.

तिसरी पायरी: माळव्याचं ऊन आणि पाइपातली गर्दी

वर दिलेले आकडे ४० अंशांचे आहेत. मे महिन्यात इंदुरात सावलीतलाच पारा चाळिशी ओलांडतो, आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये ओतलेला पाइप दुपारी त्याहून बराच तापलेला असतो. पीव्हीसीची मर्यादा ७० अंश. भोवताली ५० अंश धरले तर वायरची क्षमता ०.८२ पट होते. दीडचे १३ होतात साडेदहा. एकाच पाइपातून दोन सर्किटं नेलीत तर आणखी ०.८ ने गुणायचं: साडेआठ.

म्हणजे गच्चीखालच्या खोल्यांत, दोन सर्किटं एका पाइपात असताना, दीडच्या वायरवरसुद्धा १० चा एमसीबी जास्त होतो. माझा उपाय सोपा आहे. वरच्या मजल्याच्या लाइट सर्किटांना ६ चा एमसीबी लावायचा आणि प्रत्येक सर्किटला स्वतंत्र पाइप द्यायचा. पाइप स्वस्त असतो. एसी किंवा गीझरच्या वायरी दिव्याच्या पाइपात घालायच्या नाहीत, मिस्त्री कितीही म्हणाला “जागा आहे ना” तरी.

पाइप २० मिमीचा असेल तर दीडच्या सरळ रेषेत पाच, वळणं असतील तर चार वायरी. २५ मिमीचा असेल तर आठ-दहा. याहून जास्त कोंबल्या की स्प्रिंगने ओढताना प्लास्टिक सोलतं, आणि ते सोललेलं पहिल्या पावसात ओल आल्यावर कळतं.

डब्यावर ‘एचआर ८५ अंश’ लिहिलेली वायर मिळते. तिचं प्लास्टिक जास्त ताप सोसतं, गच्चीखाली घ्यायला चांगली. पण तिच्या भरवशावर जास्त अँपिअर ओढू नका. स्विचचे टर्मिनल तेवढ्या तापासाठी केलेले नसतात.

चौथी पायरी: लांबीचा बाऊ करू नका, पण मोजा

वायर लांब झाली की व्होल्टेज पडतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दिव्यांसाठी ३ टक्के, म्हणजे २३० मागे ७ व्होल्ट, इतकी घट चालते. दीडच्या वायरचा रोध किलोमीटरला १३.३ ओहम. डीबीपासून २५ मीटरवरच्या टोकाला ८०० वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर, वाहत असतील तर जाऊन-येऊन ५० मीटर: ०.६६५ ओहम, आणि घट २.३ व्होल्ट. म्हणजे एक टक्का. ७ व्होल्टची मर्यादा गाठायला वायर ७० मीटरच्या पुढे जावी लागेल. साध्या घरात हा प्रश्नच येत नाही. “लंबा रन है” म्हणून कुणी चारची वायर गळ्यात मारत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर करा.

खरेदीसाठी लांबी मात्र नीट काढा. मिस्त्री अंदाजाने सांगतो आणि तो अंदाज कायम वरचा असतो. पाइप जिकडून जाणार त्या वाटेने टेप धरा: डीबीतून वर छतापर्यंत, छतातून आडवं, खाली बोर्डापर्यंत. हा आकडा तीनने गुणा, कारण फेज, न्यूट्रल आणि अर्थ. बोर्डापासून प्रत्येक दिव्याला स्विचमधून आलेली वायर (हाफ वायर), न्यूट्रल आणि अर्थ. प्रत्येक बोर्डात अर्धा-पाऊण फूट शिल्लक. एकूण बेरजेवर दहा टक्के जास्त घ्या. बंडल ९० मीटरचं असतं. जिन्याच्या टू-वे दिव्याला दोन बोर्डांमध्ये दोन वायरी जास्तीच्या लागतात, ते विसरतंच.

पाचवी पायरी: एफआर, एफआरएलएस की हॅलोजनमुक्त

साध्या पीव्हीसीला आग लागली की ती वायरवरून पुढे सरकते. एफआर वायरचं प्लास्टिक ज्योत बाजूला झाली की विझतं. एफआरएलएस जळताना धूर कमी सोडते. हॅलोजनमुक्त वायरीत क्लोरीन नसल्याने पीव्हीसी जळताना सुटणारा हायड्रोजन क्लोराइड हा घसा कोंडणारा वायू तिच्यातून निघत नाही.

चार बाजूंनी मोकळ्या बैठ्या घराला माझ्या मते एफआर पुरते. फ्लॅटमध्ये, जिथे सगळ्यांना एकाच जिन्याने पळायचं आहे, तिथे एफआरएलएसच्या खाली जाऊ नका. हॉलभर फॉल्स सिलिंग असेल तर हॅलोजनमुक्त घ्या, कारण वर लागलेलं तुम्हाला उशिरा दिसतं. दिव्यांच्या वायरवर हा फरक संपूर्ण बांधकामाच्या खर्चात कुठे दिसतही नाही. टाइल्सच्या एका खोक्यावरून तासभर घासाघीस करणारी माणसं इथे मात्र सगळ्यात स्वस्त बंडल उचलतात, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

सहावी पायरी: दुकानात बंडल तपासणं

डब्यावर आयएसआयची खूण, आयएस ६९४ (हॅलोजनमुक्तला आयएस १७०४८) आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते तिथल्या तिथे कळतं. हीच अक्षरं वायरच्या अंगावरही ठराविक अंतराने छापलेली हवीत. डबा असली आणि बंडल नकली हा प्रकार जुना आहे.

मग वजन. दीडच्या ९० मीटर बंडलात शुद्ध तांबंच १.१ ते १.२ किलो असतं. प्लास्टिक धरून बंडल पावणेदोन किलोच्या आसपास भरतं. दीड किलोच्याही खाली गेलं तर ते बंडल परत ठेवा. एकतर लांबी कमी आहे, नाहीतर तांबं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही मिळते. तिची एक तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी दिसते.

सगळ्यात खात्रीची कसोटी मल्टिमीटरची. बंडलाची दोन्ही टोकं हाताशी असतातच. मीटरच्या दोन पिना आधी एकमेकींना टेकवून येणारा आकडा (बहुधा ०.२-०.३) लिहून ठेवा आणि नंतर वजा करा. ९० मीटरच्या बंडलाला १ चौरस मिमी असेल तर जास्तीत जास्त १.७५ ओहम, १.५ ला १.२ आणि २.५ ला ०.७२ यायला हवेत. हे २० अंशांचे आकडे आहेत. उन्हाळ्यात ४० अंशांना आठ टक्के वाढ सोडा, म्हणजे दीडला १.३ आले तरी माल बरोबर. पण ‘दीड’ लिहिलेल्या बंडलाने १.७ दाखवले तर तुम्ही एकची वायर दीडच्या भावात घेत आहात. दुकानदार कुरकुरला तर बंडल घेऊन घरी तपासा आणि परत करण्याची बोली आधीच करून ठेवा. महाराणी रोडवर चार दुकानं फिरलात की मीटर लावू देणारा एक तरी भेटतो, आणि त्याच्याकडूनच बाकीचं सगळं घ्यावं.

रंग ठरवून घ्या: फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. स्विचमधून दिव्याकडे जाणारी हाफ वायर पिवळी घ्या म्हणजे पुढे शोधताना घोळ होत नाही. “काळी संपली, लालच ओढतो” हे वाक्य कानावर आलं की काम थांबवा.

न्यूट्रल, अर्थ आणि इन्व्हर्टर

इथेच सगळ्यात जास्त काटकसर होते. न्यूट्रल फेजइतकाच जाड हवा आणि प्रत्येक सर्किटचा स्वतंत्र हवा. दोन सर्किटांना एक न्यूट्रल दिला की तो दोघांचा करंट वाहतो, आणि त्याच्यावर एमसीबी नसतो. तीन फेजच्या घरात हे फारच वाईट. दोन वेगळ्या फेजांच्या दिव्यांचा सामायिक न्यूट्रल ढिला झाला तर त्या दिव्यांवर मिळून चारशेच्या आसपास व्होल्ट येतात, आणि एकाच संध्याकाळी निम्मे बल्ब जातात.

डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच) असायलाच हवा, आणि न्यूट्रलची सरमिसळ झाली की तो सतत पडतो. त्यात भर इन्व्हर्टरची. इन्व्हर्टरवरचे दिवे आणि साध्या लाइनवरचे दिवे यांचे न्यूट्रल कुठेतरी बोर्डात एकत्र पिळलेले असतात, आरसीसीबी पडतो, आणि मिस्त्री “ये खराब है” म्हणून तो काढून टाकतो. इन्व्हर्टरवर कोणती सर्किटं टाकायची ते पहिल्या पायरीतच ठरवा आणि त्यांचा फेज-न्यूट्रल डीबीपर्यंत वेगळा आणा.

अर्थची वायर दिव्यांच्या पॉइंटलाही न्या, दीडचीच. “लाइटला कशाला अर्थ?” असं विचारणारे पुष्कळ. धातूच्या अंगाचे डाउनलाइट, पंखे, झुंबरं, आरशावरचे दिवे या सगळ्यांना लागतो. भिंत बंद झाल्यावर तो टाकता येत नाही.

स्विच बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल तर आधी स्विच न्यूट्रलवर तर नाही ना ते बघा. तसं असेल तर दिव्यात बंद असतानाही फेज उभा असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. स्विच फेजवरच असेल तर बहुधा इंडिकेटरचा स्विच किंवा शेजारून धावणारी फेज वायर कारण असते, त्यात धोका नाही.

जोड आणि टोकं

पाइपात जोड नको. जोड फक्त बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समध्ये, आणि तोही कनेक्टरने. पिळून टेप गुंडाळलेला जोड आमच्या उन्हात चार वर्षांत सैल पडतो. मल्टिस्ट्रँड वायर स्विचमध्ये घालताना टोकाला पिन लग (सगळ्या तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) दाबा. नाहीतर बावीसपैकी पाच-सहा तारा स्क्रूच्या बाहेर राहतात, आणि तुम्ही दीडचे पैसे देऊन टोकाला एकची वायर वापरता. फॉल्स सिलिंगच्या वर उघडी वायर टाकू नका. उंदरांना ती फार आवडते.

रामबाग, नारायण बागेतली जुनी घरं

जुन्या घरांत लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली वायरिंग किंवा केसिंग-कॅपिंग (झाकणाच्या पट्टीतून नेलेली वायरिंग) सापडते, आणि कित्येकदा आत ॲल्युमिनियम. पांढरी, मऊ, दोनदा वाकवली की तुटणारी तार दिसली तर तिला तांब्याची वायर जोडून पुढे नेऊ नका. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो, ओल मिळाली की दोन धातूंच्या सांध्यात गंज चढतो, जोड तापतो. आणि त्याखाली शंभर वर्षांचं सागवान असतं. अशा घरात “फक्त हॉलचे दिवे बदलून द्या” असं काम मी घेत नाही. डीबीपासून ते सर्किट पूर्ण नवं होणार असेल तरच.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा: आधी डीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग, मग स्वयंपाकघर, मग दिवे. गौरी-गणपतीच्या दिवसांत मात्र जुन्या वायरिंगच्या बोर्डावरून माळांच्या तोरणावर तोरण लावू नका. माळांचा भार फारसा नसतो. पण एका सॉकेटमध्ये तीन मल्टिपिना लटकल्या की आतली जुनी पट्टी सैल होते, आणि आरती चालू असताना तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

फाटकाचा दिवा

बाहेरच्या दिव्याला घरातली वायर पाइपात घालून पुरू नका. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पीव्हीसी पाइप सांध्यात उखडतो आणि पाणी आत शिरतं. तीन कोअरची आर्मर्ड (पोलादी तारांचं कवच असलेली) केबल घ्या, २.५ चौरस मिमीची. खोली पाऊण मीटर, खाली-वर वाळू, त्यावर विटांची ओळ, आणि आर्मर अर्थला जोडलेलं.

अडीच का, दिवा तर वीस वॅटचा? फाटक साठ मीटरवर असेल तर दीडच्या जाऊन-येऊन वायरचा रोध १.६ ओहम होतो. शॉर्ट झाला तर सी प्रकारच्या १० च्या एमसीबीला झटक्यात पडायला १०० अँपिअरपर्यंत लागू शकतात, म्हणजे सगळा मिळून रोध २.३ च्या आत हवा. वायर तापलेली आणि खांबावरून आलेल्या लाइनचा रोध त्यात मिळवला की हा हिशोब काठावर येतो. अडीचला तोच रोध ०.९६. त्यावर ६ चा एमसीबी लावा, तो ६० अँपिअरच्या आत पडतो.

भिंत बंद करताना

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवा आणि प्लास्टर झाल्यावर, स्विच-दिवे लावण्याआधी, मेगर मागा, म्हणजे वायरच्या प्लास्टिकमधून करंट गळतो का ते दाखवणारी चाचणी. ५०० व्होल्टवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशी प्रत्येक सर्किटची तपासणी. १ मेगाओमच्या खाली आलं तर नापास. नव्या वायरिंगला ते शंभराच्या वर दाखवायला हवं. पाच-दहा दाखवत असेल तर कुठेतरी वायर सोललेली आहे किंवा पाइपात पाणी आहे. ती शोधायची वेळ हीच.

आणि झिऱ्या (पाइपांसाठी भिंतीत कोरलेल्या खाचा) बुजवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप भिंतीला लावून, म्हणजे जमिनीपासून पाइप किती उंचीवर आहे ते वाचता येईल. डीबीच्या दाराच्या आत कागद चिकटवा: सर्किट क्रमांक, कोणत्या खोल्या, वायर १.५, एमसीबी ६ किंवा १०, आणि खाली मोठ्या अक्षरांत हिंदीतून, “इससे बड़ा एमसीबी न लगाएँ”. हिंदीतून एवढ्यासाठी, की तो वाचणारा मिस्त्री बहुधा कोपऱ्यावरचाच असेल.